मुरलेला सिगार चाखायचा कसा: बॉक्समधून काढण्यापासून शेवटच्या झुरक्यापर्यंत

पाच-सात वर्षं जपून ठेवलेला सिगार लोक अर्ध्या तासात फुंकून टाकतात आणि मग विचारतात की यात एवढं काय आहे, नुसता धूर तर लागतोय. मीसुद्धा पहिला मुरलेला सिगार असाच वाया घालवला, ह्युमिडोरमधून, म्हणजे ओलावा राखणाऱ्या सिगारच्या पेटीतून काढला, लगेच कापला, टॉर्च लायटरने भडकावला आणि शेवटी तोंडात उरलं ते फक्त करपट पाणी. सिगार चांगलाच होता, घोळ सगळा माझा होता.

काय होतं की नवीन सिगारमध्ये तिखटपणा, ताकद, उग्र वास सगळं आपोआप पुढे येतं, तुम्ही कसाही ओढा. मुरलेल्यात हे सगळं खाली बसलेलं असतं आणि जे उरतं ते नाजूक असतं. ते कळतं फक्त थंड धुरात. धूर गरम झाला की चव गेली, आणि धूर गरम होतो दोनच कारणांनी, एक म्हणजे आत ओलावा जास्त असल्यामुळे तुम्ही जोर लावून ओढता आणि दुसरं म्हणजे घाई. खाली जे लिहिलंय ते बहुतेक या दोघांना लांब ठेवण्यासाठीच आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. धूर छातीत घेतला नाही तरी सिगारमुळे तोंडाचा, घशाचा, स्वरयंत्राचा, अन्ननलिकेचा कॅन्सर होऊ शकतो, "सेफ सिगार" असा काही प्रकार नसतो. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. जे ओढत नाहीत त्यांनी हे वाचून सुरुवात करू नका. जे ओढतातच, त्यांच्यासाठी पुढचं.

## १. सिगार खरंच मुरलाय का ते आधी बघा

"एज्ड" हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि इथेच पहिला गोंधळ होतो. एक वय पानाचं, म्हणजे वळण्याआधी तंबाखू किती वर्षं गाठोड्यात पडून होती ते. दुसरं वय वळलेल्या सिगारचं, म्हणजे बॉक्समध्ये किती वर्षं गेली ते. बँडवर, म्हणजे सिगारला गुंडाळलेल्या कागदी पट्टीवर, एखादं साल छापलेलं असेल तर ते बहुतेक वेळा पानाच्या पिकाचं असतं, सिगार कदाचित गेल्या वर्षी वळलेला असेल. क्यूबन बॉक्स असेल तर उलटा करून तळाचा शिक्का बघा, तिथे महिना स्पॅनिशमध्ये तीन अक्षरांत आणि पुढे साल असतं, 'एने' म्हणजे जानेवारी, 'आगो' म्हणजे ऑगस्ट, 'दिक' म्हणजे डिसेंबर.

पण साल वाचून समाधान मानू नका, नाक लावा. फूटला, म्हणजे पेटवायच्या टोकाला, जवळून वास घ्या. अमोनियाचा वास आला, मांजराने घाण केल्यासारखा नाकात झणझणणारा, तर आतलं फर्मेंटेशन अजून निवळलेलं नाही, परत ठेवून द्या, काही महिने तरी. मुरलेल्या सिगारचा वास गोडसर आणि मंद असतो, सुकं गवत, जुनं लाकूड, थोडं चामडं. वासच येत नसेल, म्हणजे अगदी कागदासारखा कोरा असेल, तर तो मुरलेला नाही, वाळून मेलेला आहे. पानातली तेलं उडून गेली की ती नंतर कितीही ओलावा दिला तरी परत येत नाहीत.

आणि हो, प्रत्येक सिगार ठेवल्याने सुधारत नाही. मुळातच हलका असलेला सिगार फार वर्षं ठेवला की नुसता फिका पडतो, भरदार सिगारला मात्र वेळ मानवते.

थांबा: रॅपरवर, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या पानावर, टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं दिसली तर तो तंबाखूचा किडा आहे. तो सिगार गेला. बाकीचे सीलबंद पिशवीत घालून १ दिवस फ्रिज, ३ दिवस फ्रीजर, परत १ दिवस फ्रिज, मग बाहेर. थेट फ्रीजरमधून खोलीत आणले तर रॅपर तडकतो. आणि पांढऱ्या भुकटीला लोक ब्लूम ब्लूम म्हणून, म्हणजे चांगलं मुरल्याची खूण म्हणून मिरवतात, तर माझा नियम असा की डाग लोकरीसारखा उभा दिसला, निळा-हिरवा असला किंवा फूटच्या आत शिरलेला असला तर ती बुरशी आहे, फार विचार न करता टाकून द्यायचा.

## २. ओलावा उतरवा (हेच सगळे टाळतात)

सगळ्या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. ह्युमिडोर ६५ ते ७० टक्के ओलाव्यावर असतो, तापमान १८ ते २१ अंश सेल्सिअस. ठेवण्यासाठी हे ठीक आहे. ओढण्यासाठी ७० टक्क्यांवरचा सिगार, निदान मुरलेला तरी, ओलाच आहे. ओलं पान नीट जळत नाही, म्हणून आपण जास्त जोरात ओढतो, जोरात ओढल्याने निखारा तापतो, आतलं पाणी वाफ होऊन धुराबरोबर जिभेवर येतं, आणि मग कडवट, जीभ चरचरणारा अनुभव घेऊन आपण ब्रँडला नावं ठेवतो.

आधी तुमचा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला ओलावा मोजणारं यंत्र, खरं बोलतोय का ते बघा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मीठ विरघळता कामा नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर झिप पिशवीत घालून बंद करा आणि ८ तास विसरून जा. काटा ७५ वर यायला पाहिजे. ७१ दाखवला तर तुमचं यंत्र ४ ने कमी सांगतंय, म्हणजे तुम्ही ज्याला ६८ समजत होतात ते प्रत्यक्षात ७२ होतं. बऱ्याच लोकांचं दुखणं इथेच सापडतं.

मग ड्राय बॉक्स. रिकामा लाकडी सिगार बॉक्स घ्या, त्यात ओलावा देणारं काहीही ठेवू नका, सिगार आत आडवा ठेवा, झाकण लावा, १ ते ३ दिवस. हवा दमट असेल तर साध्या बॉक्सने काही होणार नाही, तेव्हा हवाबंद डब्यात ६२ टक्क्यांचं टू-वे ह्युमिडिटी पॅक (लागेल तसा ओलावा शोषणारी किंवा देणारी पुडी) टाका आणि आठवडाभर थांबा. उन्हात, पंख्याखाली, एसीसमोर ठेवून वेळ वाचवायला जाऊ नका, रॅपर आधी सुकतो आणि पोट ओलंच राहतं, हे सगळ्यात वाईट.

उलटा प्रकार म्हणजे कुठूनतरी मिळालेला कोरडा सिगार. तो एकदम ७० टक्क्यांत टाकला की आतलं फिलर, म्हणजे पोटातली तंबाखू, फुगतं आणि रॅपर फाटतो. ६० पासून सुरू करा, दर दोन आठवड्यांनी दोन-तीन टक्के चढवा. कुरियरने आलेला सिगारसुद्धा त्याच दिवशी ओढू नका, दोन आठवडे पडू द्या.

तपासणी: अंगठा आणि बोटाने मधोमध हलकं दाबा. थोडा आत जाऊन परत वर आला तर तयार आहे. स्पंजसारखा दबून राहिला तर अजून ओला, आणि कुरकुर आवाज आला तर जास्त सुकला. कानाशी धरून गोल फिरवत बसायचं ते सिनेमातलं आहे, जुन्या नाजूक रॅपरचं त्यात फक्त नुकसान होतं.

## ३. वेळ, जागा आणि तोंड

रोबुस्टो म्हणजे साधारण ५ इंच लांब आणि ५० रिंग गेज. रिंग गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणून ५० म्हणजे जवळजवळ २ सेंटिमीटर जाडी. याला किमान एक तास, मुरलेला असेल तर सव्वा तास धरा. ७ इंचाचा चर्चिल असेल तर दोन तास मोकळे हवेत. तेवढा वेळ नसेल तर आज ओढू नका, मीटिंगच्या आधीचा पाऊण तास ही जुन्या सिगारची जागा नाही.

वारा नको, वाऱ्याने एक बाजू भराभर जळते. पोट भरलेलं हवं, उपाशी पोटी निकोटीन चढतं. ब्रश करून, मिंट खाऊन, परफ्यूम मारून बसलात तर चाखायला काही राहिलंच नाही. प्यायला साधं पाणी. दारूबरोबर छान लागतो हे खरं असेल, पण पहिल्या वेळी सिगार एकटा चाखा, नाहीतर कोणाची चव कोणाची ते कळत नाही.

## ४. कापणं: जेमतेम २ मिलिमीटर

तोंडात धरायच्या टोकावर एक छोटी टोपी चिकटवलेली असते, ती कॅप. रॅपर उलगडू न देणं हे तिचं काम. तुम्हाला ती पूर्ण उडवायची नाहीये, फक्त वरचा दीड-दोन मिलिमीटर घ्यायचाय, गोलाई जिथे सरळ व्हायला लागते त्या खांद्याच्या वर. खांद्याखाली कापलं की अर्ध्या सिगारपर्यंत रॅपर सुटत जातो आणि तुम्ही तोंडातून पानं काढत बसता.

जुना रॅपर ठिसूळ असतो म्हणून कापायच्या आधी कॅपवर ओलं बोट फिरवा आणि वीस-तीस सेकंद थांबा. मग धारदार दोन पात्यांचा कटर, एका झटक्यात. हळू हळू दाबत गेलात तर पान चिरडतं. बोथट कटर, चाकू, दात, यापेक्षा न ओढलेला बरा. पंचने भोक पाडायची सवय असेल तर मुरलेल्यासाठी मी नको म्हणेन, छोट्या भोकातून सगळा धूर जिभेच्या एकाच जागी आदळतो आणि तिथे डांबरही साठतं.

## ५. न पेटवता झुरका

हा टप्पा फुकट असून लोक सोडून देतात. कापल्यावर, पेटवायच्या आधी, तीन-चार झुरके नुसते हवेचे घ्या. दोन गोष्टी कळतात. एक, ओढ कशी आहे. पातळ स्ट्रॉने पाणी पिताना लागतो तेवढा विरोध हवा, गाल आत जात असतील तर घट्ट आहे, आणखी अर्धा मिलिमीटर कापा. दुसरं, कच्ची चव. मनुका, सुकं गवत, देवदार, कोको, जे काय वाटेल ते मनात धरून ठेवा, पेटवल्यावर यातलं काय टिकतं आणि काय जातं हे बघण्यात मजा आहे.

थांबा: इथे ओढ अगदीच बंद असेल आणि परत कापूनही सुटत नसेल तर पेटवू नका. परत ड्राय बॉक्समध्ये दोन-तीन दिवस, ओल्याने फुगलेली पानं बसली की बऱ्याचदा वाट मोकळी होते.

## ६. पेटवणं, म्हणजे खरं तर भाजणं

पेट्रोलचा लायटर नको आणि मेणबत्ती नको, दोन्हींचा वास शेवटपर्यंत राहतो. ब्यूटेन लायटर किंवा लांब लाकडी काडी घ्या. काडी असेल तर डोक्यावरचा गुल जळून जाऊ द्या, मग जवळ न्या.

सिगार हातात तिरका धरा, तोंडात नाही. ज्योत फूटच्या खाली, टॉर्च लायटर असेल तर चांगली २-३ सेंटिमीटर लांब, ज्योतीचं टोक पानाला लागता कामा नये. आता सिगार सावकाश फिरवत राहा. आधी कडा काळी पडते, मग बारीक धूर, मग लाल ठिपके. अर्धा मिनिट, कधी एक मिनिट जातं, जाऊ द्या. पूर्ण कड काळी झाली की तोंडात धरा, ज्योत तशीच लांब ठेवून फिरवत फिरवत दोन-तीन हलके झुरके घ्या.

लोक काय करतात तर ज्योत थेट चिकटवून जोरजोरात ओढतात, ढग निघतो, बघायला भारी वाटतं, आणि फूटचा कोळसा होतो. त्या कोळशाची कडू चव पहिले पंधरा मिनिटं जात नाही, आणि मुरलेल्या सिगारमध्ये काही वेळा हीच पंधरा मिनिटं सगळ्यात सुंदर असतात.

तपासणी: फूटवर हळूच फुंकर मारा. सगळीकडे सारखा लाल दिसला पाहिजे. एखादा काळा तुकडा राहिला असेल तर फक्त तिथेच ज्योत दाखवा. मग सिगार एक मिनिट खाली ठेवा आणि हात लावू नका. हा पहिला मिनिट पाळणं भयंकर अवघड जातं, पण पेटवताना चढलेली उष्णता तेवढ्यात उतरते.

## ७. झुरक्याची लय

मिनिटाला एक झुरका. घड्याळ समोर ठेवा, हसू नका, पहिल्या दोन-तीन वेळा खरंच ठेवा, तुमचं "मी हळूच ओढतो" किती चुकीचं आहे ते कळेल. झुरका दोन-तीन सेकंदांचा, ओढायचा नाही तर येऊ द्यायचा. धूर तोंडात दोन-तीन सेकंद फिरवा आणि सोडा. छातीत घेऊ नका. सिगारचा धूर अल्कलाईन असतो, त्यामुळे निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं, फुप्फुसांची गरजच पडत नाही, छातीत घेतलात तर ठसका आणि वर गरगरणं.

जळत्या कडेच्या दोन बोटं मागे हात लावून बघत राहा. कोमट लागलं तर ठीक, गरम लागलं तर तुम्ही पळताय, दोन मिनिटं खाली ठेवा. विझेल म्हणून घाबरू नका, विझला तर परत पेटवता येतो, तापलेल्या सिगारची चव मात्र परत आणता येत नाही.

राख झटकू नका, ती निखाऱ्याला झाकून थंड ठेवते. २ सेंटिमीटरच्या आसपास झाली की अॅशट्रेच्या कडेवर टेकवून हलकं फिरवा, आपोआप पडेल. लांब राखेची स्पर्धा करायची असेल तर कपडे जुने घाला. बँड पहिल्या दहा मिनिटांत काढू नका, सिगार तापला की गोंद सैल होतो आणि तो अलगद निघतो, थंड असताना ओढला की जुना रॅपर हमखास फाटतो.

## ८. नाकातून सोडणं: चव इथे आहे

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. देवदार, चामडं, कोको, भाजलेले बदाम, हे सगळं नाकाचं काम, आणि धूर मागच्या बाजूने नाकात गेल्याशिवाय ते कळत नाही. म्हणून ज्यांना "सगळे सिगार सारखेच" लागतात त्यातले बहुतेक जण हे करतच नाहीत.

कसं करायचं: धूर घेण्याआधी नाकाने साधा श्वास भरून ठेवा. झुरका घ्या. पाऊण धूर तोंडाने सोडून द्या. तोंड बंद करा आणि "म्म्म" म्हणताना जशी हवा नाकातून जाते तसा उरलेला हलकेच बाहेर सोडा. आत ओढायचं काहीच नाहीये, फक्त बाहेर. नाकात चरचरलं, डोळ्यात पाणी आलं तर धूर जास्त ठेवलात, पुढच्या वेळी अजून कमी. नवीन सिगारने शिकायला गेलात तर मिरी उधळल्यासारखं होतं, मुरलेला त्या मानाने सौम्य असतो म्हणून शिकायला हाच बरा. प्रत्येक झुरक्याला नको, पाच-सहा झुरक्यांतून एकदा पुरे.

चवींची छापील यादी समोर ठेवून "यात कुठेतरी लवंग असणार" असं शोधत बसू नका. तीनच प्रश्न विचारा: धूर आल्या आल्या काय लागलं, मधे काय बदललं, आणि सोडल्यावर किती वेळ राहिलं. तिसरा प्रश्न महत्त्वाचा, सेकंद मोजा. चांगल्या मुरलेल्या सिगारची चव पुढच्या झुरक्यापर्यंत रेंगाळते, धूर मात्र हलका वाटतो.

## ९. तीन भाग, आणि मधल्या भानगडी

पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात निकाल देऊ नका. मधला हिस्सा हा सिगारचा खरा स्वभाव. शेवटच्या हिश्श्यात उष्णता, डांबर, निकोटीन सगळं मागे सरकत साठलेलं असतं, म्हणून तिथे मिनिटाला एकऐवजी दीड मिनिटाला एक करा. चव अचानक आंबट-कडू झाली तर सिगारमधून हळू, लांब फुंकर बाहेरच्या दिशेने मारा, अडकलेला जुना धूर निघून जातो, मग एक मिनिट थांबून परत बघा.

वाकडा जळतोय? थोडंसं वाकडं आपोआप सरळ होतं. मागे राहिलेली बाजू एक सेंटिमीटरपेक्षा जास्त लांबली तरच तिथे लायटर दाखवा. आत बोगदा पडतोय, म्हणजे पोट जळतंय आणि रॅपर तसाच उभा राहिलाय, तर ओलावा उतरवण्यात कमी पडलात, राख पाडा, उभी राहिलेली कड ज्योतीने जाळून निखाऱ्याच्या पातळीला आणा. रॅपर तडकला तर घाबरू नका, ओलं बोट लावून दाबा, झुरके आणखी हळू.

विझला तर राख पूर्ण पाडा, फूटसमोर ज्योत धरून आधी बाहेर फुंका, मग नेहमीसारखा भाजून पेटवा. तास-दीड तासाच्या आत हे चालतं. अर्धा सिगार उद्यासाठी ठेवला तर उद्या तो शिळा आणि कडू असेल, आणि तो वास ह्युमिडोरमधल्या बाकीच्यांनाही लागेल.

थांबा: घाम फुटला, गरगरलं, मळमळलं तर सिगार खाली. किती महाग होता याचा विचार नको. मोकळ्या हवेत बसा, पाणी प्या, काहीतरी गोड खा. आजचा सिगार संपला असं समजा.

## १०. थांबायचं कधी, आणि लिहायचं काय

धूर कोमटचा गरम झाला आणि चव फक्त कडू राहिली की थांबा, मग हातात दोन इंच उरलेला असो नाहीतर एक. बोटं भाजेपर्यंत ओढण्यात शौर्य नाही. सिगारेटसारखा चिरडून विझवू नका, खोलीभर घाण वास पसरतो, अॅशट्रेत तसाच ठेवा, काही मिनिटांत स्वतःच विझतो. पूर्ण थंड झाल्यावरच कचऱ्यात.

त्याच बैठकीत चार ओळी लिहा, उद्या आठवत नाही. बॉक्सचं साल, किती दिवस ड्राय बॉक्समध्ये होता, किती वेळ चालला, कुठल्या भागात काय लागलं, कुठे बिघडलं. ड्राय बॉक्सचे दिवस हमखास लिहायचे राहतात आणि पुढच्या वेळी नेमके तेच हवे असतात. त्याच बॉक्समधला पुढचा सिगार सहा महिन्यांनी काढा, आणि वही आधी उघडू नका, नाहीतर गेल्या वेळचंच परत चाखाल. ओढून, नवीन चार ओळी लिहून झाल्या की मग जुनं पान काढून बाजूला ठेवा आणि ताडून बघा.